पुढून मनन, मागून हिशेब

(पत्र बरंच मोठं होतं, थोडं कापलंय, गावाची आणि माणसांची नावं काढून टाकलीत.)

मावशी, सलाम.

मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहते, वय ४१, शाळेत क्लार्क आहे. आमच्या चर्चच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन वर्षं झाली मी रोज पहाटे साडेपाचला एक छोटं मनन टाकते, एक वचन आणि खाली सात-आठ ओळी. सुरुवातीला चाळीसेक बायका होत्या, आता दोनशेच्या वर गेल्यात, पाळकसाहेब पण वाचतात. लोक आमेन टाकतात, कुणी फोन करून सांगतं की ताई आज तुम्ही माझ्यासाठीच लिहिलं होतं.

दीड वर्षापूर्वी माझ्या सासूबाई मोरीत पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून माझ्याकडेच आहेत. वॉकरवर बाथरूमपर्यंत जातात, रात्री दोनदा तरी उठवावं लागतं. धाकटे दीर आणि जाऊ पिंपरीला असतात, एवढ्या दिवसांत चारदा आले असतील, दोनदा पैसे पाठवले. मागच्याच्या मागच्या नाताळात सगळे जेवायला बसलो होतो तेव्हा जाऊ सगळ्यांसमोर बोलली, "तुम्ही आईंना सांभाळता ते खरंय ताई, पण पेन्शन पण तुमच्याकडेच येते ना." मी ताटावरून उठले. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. ग्रुपची ॲडमिन मी आहे, मी तिला ग्रुपमधून पण काढलं.

खरं सांगायचं तर कधी कधी मनन लिहिताना तीच डोळ्यासमोर असते. मी आधी डायरीत लिहिते मग टाईप करते. त्याच डायरीच्या मागच्या पानापासून मी आईंचा खर्च लिहिते, डायपर, फिजिओ, गोळ्या, रिक्षा, सगळं. कधीतरी दाखवता येईल म्हणून. १ लाख ३८ हजार झालेत. परवा माझी मुलगी, आठवीत आहे, डायरी चाळत होती आणि म्हणाली, "मम्मी, ही डायरी दोन्हीकडून सुरू होते." एवढंच म्हणाली. मला दिवसभर काही सुचलं नाही.

त्यात आता कळलंय की जावेचं तीन आठवड्यांपूर्वी पिशवीचं ऑपरेशन झालं. मी फोन केला नाही. आणि ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी पहाटे मी ग्रुपवर "मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्या समाचाराला आलात" यावर लिहिलं होतं, ५३ आमेन आले होते.

मावशी मी ढोंगी आहे का? मनन लिहिणं बंद करू का?

तुमची एक बहीण

*

सलाम ग बाई.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचताना गॅसवरचा चहा उतू गेला. पहिलं उत्तर आधी देऊन टाकते म्हणजे तू पुढचं शांतपणे वाचशील. ढोंगी आहेस का, तर हो, थोडीशी आहेस. मी पण आहे, पुढे सांगते. आणि मनन बंद करू नकोस, निदान या कारणासाठी तरी नको, कारण मनन बंद केलंस तर डायरीची पुढची बाजू कोरी होईल आणि मागची तशीच चालू राहील, मग उरलं काय?

आता त्या मागच्या पानांकडेच आधी येऊ, कारण मला वाटतं तुझं खरं पत्र तिथे आहे. १ करिंथ १३, म्हणजे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला प्रीतीचा अध्याय, तुला पाठच असेल, त्यावर तू किमान दहा वेळा तरी लिहिलं असशील. प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे वगैरे म्हणत आपण भराभर पुढे जातो आणि मध्ये तीनच शब्द येतात, "अपकार स्मरत नाही". मला अनेक वर्षं वाटायचं की याचा अर्थ विसरून जाणं. आणि मला तर काहीच विसरता येत नाही, माझ्या लग्नात कुणी कोणती साडी देऊन नंतर परत मागितली ते पण मला पाठ आहे, त्यामुळे मी ते वचन माझ्यासाठी नाहीच असं समजून पुढे जायचे. मग एका पाळकसाहेबांनी अभ्यासात सांगितलं की पौलाने तिथे जो ग्रीक शब्द वापरलाय तो हिशेबातला आहे, खात्यावर मांडणे, नोंद करून ठेवणे अशा अर्थाचा. म्हणजे प्रीतीला आठवतं सगळं, फक्त ती वही ठेवत नाही. तू तर बाई खरोखरची वही ठेवलीयस, आकड्यांसकट, टोटल मारून. पौलाने लिहिलेलं इतक्या शब्दशः उलटं करणारं माणूस माझ्या पाहण्यात पहिलंच.

हसू नकोस. हसलीस तरी चालेल.

आणि तो अध्याय आपण लग्नाच्या पत्रिकेवर छापतो ना, तो मुळात लग्नासाठी नव्हताच. करिंथची मंडळी म्हणजे भांडकुदळ मंडळी. पत्राच्या पहिल्याच अध्यायात पौल म्हणतो की तुमच्यात कलह आहेत असं मला ख्लोवेच्या माणसांकडून कळलंय. पुढे सहाव्यात ते एकमेकांना कोर्टात खेचतायत, अकराव्यात प्रभुभोजनाच्या वेळी एक उपाशी बसलाय आणि दुसरा पिऊन तर्र आहे. म्हणजे जेवणाच्या ताटावर झालेली भांडणं तेव्हा पण होतीच, तुझ्या घरची काही नवीन नाही. अशा लोकांना त्याने तो प्रीतीचा अध्याय लिहिला. त्यामुळे भांडण चालू असताना प्रीतीवर लिहिणं हा काही गुन्हा नाही. फक्त पौलाने ते ज्यांचं भांडण होतं त्यांनाच पाठवलं. त्यांना ग्रुपमधून काढून बाकीच्या दोनशे जणींना नाही पाठवलं.

आता थोडं कडू बोलणार आहे.

तुझ्या पत्रात १ लाख ३८ हजार खर्चाचे आहेत, ठीक. पण जावेने जो पेन्शनचा विषय काढला त्याचं पुढे काय? ती बोलली ते वाईट रीतीने बोलली, चार लोकांत, नाताळच्या ताटावर, ते चूकच. पण पेन्शन येते की नाही? येत असेल तर ती तुझ्या मागच्या पानांवर जमेच्या बाजूला मांडलीयस का? पत्रात तरी कुठे दिसली नाही. मला वाटतं म्हणूनच तो शब्द एवढा लागला. साफ खोटं बोलणं माणूस दोन दिवसांत झटकून टाकतं, अर्धं खरं असलं की चौदा महिने टिकतं. मी तुझ्यावर संशय घेत नाहीये हां, दीड वर्ष रात्री दोनदा उठणाऱ्या बाईवर कोण संशय घेईल, त्या उठण्याचा हिशेब तर तुझ्या वहीत आहेच कुठे. पण आकडे मांडायचेच तर दोन्हीकडचे मांड, नाहीतर मांडू नकोस.

आणि हिशेब ठेवणं हे पाप नाही, ते पण सांगते, नाहीतर तू उद्या सगळी पानं फाडशील आणि मग एप्रिलमध्ये तुझा नवरा मेडिकलची बिलं शोधत बसेल. खर्चाची एक साधी वही कर, दहा-वीस रुपयांची मिळते, तिच्यात डावीकडे पेन्शन आणि दिरांनी पाठवलेले, उजवीकडे खर्च, आणि ती वही नवऱ्याच्या हातात दे. हिशेब म्हणून ठेवलेला हिशेब वेगळा, आणि कधीतरी तोंडावर मारता येईल म्हणून जपून ठेवलेला वेगळा. दोन्हीत आकडे तेच असतात पण एक आपण टेबलावर ठेवतो आणि एक लपवून.

नवऱ्यावरून आठवलं. बाई, तुझ्या अख्ख्या पत्रात तुझा नवरा कुठे आहे? मी मुद्दाम परत बघितलं. दीर येतात ते जावेला जोडून येतात, "दीर आणि जाऊ". म्हणजे आई दोन मुलांची, पडली ती, आणि बोलणं बंद कुणाचं झालं तर दोन सुनांचं. हे मी आयुष्यभर दवाखान्यात बघितलंय. पेशंटच्या उशाशी सून, पायथ्याशी दुसरी सून, दोघी एकमेकींकडे न बघता उभ्या, आणि दोन्ही मुलगे बाहेर पार्किंगमध्ये. २००७ साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या सांभाळाचा जो कायदा आला त्यात जबाबदारी कुणावर ठेवली माहितीये का, मुलगा, मुलगी, नातू, नात. सुनेचं नावच नाही. मी कोर्टात जा म्हणत नाहीये, काहीतरीच काय, मी एवढंच म्हणतेय की सरकारला जे कळलं ते आपल्या घरात पण कळायला हरकत नाही. तुझ्या नवऱ्याने आपल्या भावाला फोन करायचा, आणि महिन्यातले किती दिवस, किती पैसे, रात्रीची बाई ठेवायची का, हे त्या दोघांनी बोलायचं. तू आणि जाऊ त्या फोनमध्ये नाही. आणि बोलायच्या आधी आईंना पण विचारा, त्यांना कुठे राहायचंय, कारण त्या आतल्या खोलीत पडून सगळं ऐकत असतात. खुबा मोडला म्हणून कान काही जात नाहीत.

आता मार्था. तुला वाटलंच असेल की मावशी त्या दोन बहिणींवर येणार, येशू घरी आला तेव्हा कामात राबणारी मार्था आणि त्याच्या पायाशी ऐकत बसलेली मरिया, आणि म्हणणार की तू मार्था झालीस, मरिया हो. नाही म्हणणार. मला त्या गोष्टीवरचे उपदेश ऐकून ऐकून मार्थेचीच बाजू घ्यावीशी वाटते, एवढे लोक घरी आले तर स्वयंपाक कोण करणार, आकाशातून मान्ना पडणार होता का. लूक म्हणतो मार्थेने येशूला आपल्या घरी घेतलं, म्हणजे पाहुणा तिचा, घर तिचं, तिने काम करावं यात चुकलं काय? पण ती काय बोलली ते नीट बघ. ती बहिणीला नाही म्हणाली की ऊठ जरा, मला भाकरी थापू लाग. ती येशूकडे गेली आणि म्हणाली, प्रभू, हिने सगळं माझ्या एकटीवर टाकलंय, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही, तिला सांगा मला मदत करायला. बहीण तिथेच दोन हातांवर बसलेली. म्हणजे प्रार्थनेतून बहिणीला टोमणा.

तू पहाटे साडेपाचला तेच करतेस. तूच लिहिलंयस, मनन लिहिताना तीच डोळ्यासमोर असते. ते मनन नाही मग, ते जावेबद्दलचं गाऱ्हाणं आहे, वर वचन लावलेलं, आणि गंमत म्हणजे जिच्यासाठी लिहिलं ती ग्रुपमध्ये नाहीच. मत्तय १८ मध्ये येशूने किती सोपं सांगितलंय, भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा, तुम्ही दोघंच असताना बोल. आधी एकांतात, नाही ऐकलं तर एक-दोन जण सोबत घेऊन, आणि मंडळी सगळ्यात शेवटी. आपण उलट सुरू करतो. आधी मंडळी.

पण मार्थेचं पुढचं पण वाच, ते उपदेशात येत नाही फारसं. योहान ११ मध्ये लिहिलंय की येशूची मार्थेवर आणि तिच्या बहिणीवर आणि लाजरावर प्रीती होती, तिचं नाव पहिलं. भाऊ मेल्यावर ती रस्त्यापर्यंत येशूला सामोरी गेली, तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस असं तिनेच म्हटलं. आणि बाराव्या अध्यायात परत जेवण आहे, आणि मार्था काय करतेय? वाढतेय. स्वभाव नाही बदलला बाईचा, फक्त या वेळी तक्रार नाहीये. मला ती फार आवडते.

आता माझं सांगते म्हणाले होते.

मी एका मिशनच्या दवाखान्यात बरीच वर्षं नर्स होते. सकाळी सातला वॉर्डात प्रार्थना, ड्युटी बदलायच्या वेळेला, एक गीत, एक वचन, दोन मिनिटं कुणीतरी बोलायचं. तेव्हा मी सिनियर झाले होते आणि बोलायचं काम बहुतेक माझ्याकडे यायचं, मला आवडायचं पण, आवाज चांगला होता माझा. एका सकाळी मी शेजारी कोण यावर बोलत होते, वाटेत पडलेल्या जखमी माणसाला उचलणारा तो परका शोमरोनी वगैरे, आणि सहा नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाबांनी हात वर केला. मला वाटलं आमेन म्हणतायत. मग ते हळू आवाजात म्हणाले, सिस्टर, भांडं. मी त्यांना हाताने थांबा अशी खूण केली. प्रार्थना चालू होती ना. आम्ही शेवटचं कडवं म्हणेपर्यंत चादर भिजलेली होती, आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते, रडत नव्हते, नुसते भिंतीकडे. आमच्या वॉर्डाची आयाबाई, ती काही आपल्यातली नव्हती, प्रार्थनेच्या वेळी ती नेहमी दारात उभी राहायची, ती मध्येच आत आली, पडदा ओढला, आणि आम्ही आमेन म्हणायच्या आत तिने चादर बदलून बाबांचं अंग पुसून झालेलं होतं. माझ्याशी ती एक अक्षर बोलली नाही, ओली चादर घेऊन माझ्या बाजूने गेली फक्त. पस्तीस वर्षं झाली, मला ती चादर अजून दिसते.

मी दुसऱ्या दिवशी प्रार्थना बंद नाही केली. मात्र गीत सुरू करायच्या आधी एक चक्कर मारायला लागले, कुणाला काही हवंय का बघून मग. त्यात पाच मिनिटं जायची. कधी कधी प्रार्थनेला वेळच उरायचा नाही.

हे रोजचं वचन वाटायची पद्धत आपल्याकडे कुठून आली ते तुला माहितीये का, मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. जर्मनीत सॅक्सनी भागात हेर्नहुट म्हणून एक वसाहत होती, मोराव्हियातून धर्मासाठी छळ सोसून पळून आलेल्या लोकांची, १७२२ पासूनची. झिन्झेंडॉर्फ नावाच्या सरदाराने त्यांना आपल्या जमिनीवर राहायला दिलं. विश्वासासाठी घरदार सोडून आलेली माणसं, तुला वाटेल किती प्रीतीने राहत असतील, तर कसलं काय, पाच वर्षांत एकमेकांची तोंडं बघेनात. हा मताचा, तो मताचा, कोण कुणाच्या प्रभुभोजनाला जायचं, सगळं. मग झिन्झेंडॉर्फ स्वतः घरोघरी जाऊन एकेकाशी बोलला, सगळ्यांनी मिळून कसं राहायचं याचा करार केला, आणि १३ ऑगस्ट १७२७ ला शेजारच्या बर्थेल्सडॉर्फच्या चर्चमध्ये प्रभुभोजन झालं तेव्हा ती माणसं खरोखर एक झाली. आणि त्याच्या पुढच्या वर्षी, ३ मे १७२८ ला, त्याने संध्याकाळच्या उपासनेत दुसऱ्या दिवसासाठी म्हणून एक ओळ दिली. एका गीतातली होती, प्रीतीबद्दलचीच. मग ते रोजचंच झालं. १७३१ पासून त्याचं पुस्तक छापतात, अजून छापतात, पन्नासच्या वर भाषांत.

क्रम बघितलास ना? आधी भांडण मिटलं, मग रोजचं वचन सुरू झालं. आणि सुरुवातीला ते वचन जायचं कसं, तर पायी. सकाळी एक जण निघायचा आणि प्रत्येक घराच्या दारात जाऊन त्या दिवसाचं वचन सांगायचा. आता विचार कर, तू दारात उभी राहून वचन सांगतेयस आणि आत कुणी तापाने फणफणलंय, तर तू आमेन म्हणून पुढे जाशील का? पाणी तरी देशीलच. फोनवरून वचन पाठवण्यात चूक काहीच नाही, मला पण रोज सतरा येतात, पण फोनला दार दिसत नाही हेच त्याचं सुख आहे आणि हाच घोळ. याकोबाने तर लिहूनच ठेवलंय ना, कुणी उघडं आहे, पोटाला नाही, आणि तुम्ही म्हणता सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा. तेव्हाचं ते "टेक केअर, गॉड ब्लेस".

तर आता काय करायचं.

मनन चालू ठेव पण रोज तूच का? दोनशे बायका आहेत, त्यात भाजी विकणारी असेल, अंगणवाडीतली असेल, जिचा नवरा पितो ती असेल. आठवड्यातले चार दिवस त्यांना वाटून दे. ज्यांना लिहिता येत नाही त्या आवाज रेकॉर्ड करून टाकतील, शुद्धलेखन तपासत बसू नकोस. आणि तुझ्या दिवशी "आपण सर्वांनी प्रीती केली पाहिजे" अशी "पाहिजे"वाली वाक्यं लिहिणं बंद. काल माझ्याकडून काय झालं, काय नाही झालं, ते चार ओळींत लिही. घरचं सगळं चव्हाट्यावर आण असं नाही म्हणत, जावेचं नाव तर मुळीच नको, पण स्वतःचं लिही. नगरला राहिलेल्या आपल्या लक्ष्मीबाई टिळकांनी नवऱ्याशी झालेली भांडणं, स्वतःचं सोवळं-ओवळं, फजिती, सगळं लिहून ठेवलं, काही झाकलं नाही, आणि म्हणून आज पण आपण ते वाचतो. नुसता उपदेश केला असता तर कोण वाचलं असतं?

आईंच्या रात्रीच्या उठण्याचं पण बघ, कारण तुझी झोप नीट झाली तर अर्धी प्रीती आपोआप येईल, हे माझं नर्स म्हणून मत आहे. पलंगाला लागून कमोड चेअर ठेव, भाड्याने पण मिळते, रात्री बाथरूमपर्यंत नेऊच नकोस, दुसरा खुबा तिथेच मोडतो. बीपीच्या गोळ्यांत लघवीची गोळी असेल आणि ती संध्याकाळी देत असशील तर डॉक्टरांना विचार सकाळी दिली तर चालेल का. एवढ्यानेच कधी कधी दोनाचं एकदा होतं.

आणि जाऊ.

फोन कर. आज कर, पत्र वाचून झालं की. मेसेज नको, वचन तर अजिबात पाठवू नकोस, फुलाच्या चित्रावरचं पण नको. काय बोलायचं ते पण सांगते, नाहीतर तू उपदेशाची तयारी करत बसशील. "कशी आहेस ग? टाके काढले का? घरात कामाला कोण आहे?" बास. ती गप्प बसली तर तू पण थोडी गप्प बस, फोन ठेवू नकोस. मग म्हण मी शनिवारी येते. ती म्हणेल कशाला, राहू दे. तू म्हण येते. ती फार तोडून बोलली तर तेवढंही ऐकून घे, चौदा महिन्यांचं तिचंही काहीतरी साठलेलं असणारच, तिच्याही डायरीला मागची बाजू असेल.

तिथे गेल्यावर नाताळचा विषय तू काढू नकोस. "मी तुला माफ केलं" हे तर चुकूनही म्हणू नकोस, त्यात माफी कमी आणि निकाल जास्त असतो. ती काढेल विषय, आज नाही तर पुढच्या खेपेला, तेव्हा म्हण की तू चारचौघांत बोललीस ते मला फार लागलं, आणि मी तुला ग्रुपमधून काढलं ते माझं चुकलं. दोन्ही म्हण. नुसतं दुसरं म्हटलंस तर चार महिन्यांनी परत मागच्या पानावर लिहायला घेशील, मला माहितीये. प्रीती म्हणजे आपल्याला लागलंच नाही असं दाखवणं नव्हे. पेन्शनचा कागद नवरे बघतील, तू पर्समध्ये घालून नेऊ नकोस. ग्रुपमध्ये परत घ्यायचं तर आधी विचार, तिला कदाचित रोज पहाटे साडेपाचला उठवलं जायला नको असेल, मला तर नकोच असतं.

आणि ती तुटकच राहिली, चहा पण नाही विचारला, असं होऊ शकतं. मग तू परत ये आणि पुढच्या आठवड्यात परत फोन कर. जेवढं तुझ्या हातात आहे तेवढं शांतीने राहा असं पौल रोमकरांना म्हणतो, तुझ्या हातातलं तेवढंच.

मुलीला सोबत ने. तिला काही समजावून सांगत बसू नकोस, तिला सगळं समजलंय.

आईंची सोय मात्र त्या दिवशी नवऱ्यावर सोपव, रजा टाकू दे त्याला, डायपर कसा बदलायचा ते शुक्रवारीच दाखवून ठेव. नगरहून पहाटेची एसटी धरलीस तर दुपारच्या आत पिंपरीत पोचशील. जाताना मेथीचे लाडू वगैरे नको, ऑपरेशन झालेल्या माणसाला जड पडतं, मुगाची खिचडी तिच्याच ओट्यावर लाव. आणि ऑपरेशनला अजून चारच आठवडे होतायत ना, साधारण सहा आठवडे वजन उचलायचं नसतं, बायका ऐकत नाहीत आणि पाणी आलं की बादल्या उचलायला जातात. तेव्हा गेल्या गेल्या आधी मोरीत जा आणि बादल्या भरून ठेव, पिंपात पाणी आहे का बघ, आणि धुणं पडलं असेल तर ते पण टाकून घे.